भिवापुरी मिरची, सासऱ्यांचं घर आणि एजंटचं "सगळं कव्हर आहे"

पत्र:

"काका नमस्कार. मी मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला राहते. चार वर्षांपासून घरूनच सावजी मसाला, तिखट, हळद करून विकते, उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. खालची समोरची खोली अन् मागची पडवी धंद्याला, वर आम्ही राहतो. एक कांडप मशीन, दोन सीलिंग मशीन, डीप फ्रीज, मदतीला तीन बायका येतात. मागच्या वर्षी बँकेतून ३ लाखांचं मुद्रा लोन घेतलं. आता ओळखीतला एजंट म्हणतो घराची पॉलिसी घ्या ताई, त्यात सगळं कव्हर होऊन जाते. दीर म्हणतात दुकानवाली पॉलिसी घे. मिस्टर म्हणतात कायले पैसे घालवते, इतक्या वर्षात काही झालं का. फेब्रुवारीत मिरची भरायची आहे, त्याच्या आधी ठरवायचं आहे. तुम्हीच सांगा."

उत्तर:

ताई, आधी त्या "सगळं कव्हर होऊन जाते" चं पाहू, कारण माझी नागपुरातली विमा कंपनीची सत्तावीस वर्षांची नोकरी क्लेमच्या टेबलावर गेली आणि त्यातला अर्धा वेळ मी या एकाच वाक्याची समजूत काढण्यात घालवला. लोक समोर येऊन बसायचे, हातात पॉलिसीची घडी, आणि म्हणायचे साहेब एजंट तर म्हणाला होता सगळं कव्हर आहे. एजंटनी म्हटलेलं पॉलिसीत कुठंच छापलेलं नसते ना.

तुमचा एजंट ज्या पॉलिसीबद्दल बोलून राहिला ती बहुतेक भारत गृह रक्षा असेल. आयआरडीएआयनी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनी, १ एप्रिल २०२१ पासून जनरल कंपन्यांना हा ठरलेला नमुना विकायला लावला, त्यामुळे या नावाची पॉलिसी कोणत्याही कंपनीची घ्या, मूळ मजकूर सारखाच. पॉलिसी चांगली आहे, मी स्वतः माझ्या घराची घेतलेली आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्यात आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते, यादी द्यायची गरज नाही. एजंट या १० लाखांवरच बोट ठेवत असेल. पण हे जे "सामान" आहे ते घरगुती वापराचं सामान. तुमचा सोफा, फ्रीज, कूलर, कपडे, भांडी. पडवीतली तिखटाची चुंगडी त्यात येत नाही, कांडप मशीनही नाही. १० लाखांचं छप्पर आहे खरं, पण तुमची मिरची त्या छपराखाली नाहीच.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार, त्या पहाटे नागपुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. चार-पाच तासात शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट सगळं पाण्यात. माझी मेहुणी तिकडेच राहते, तळमजल्यावर, ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. तिच्याकडे घराची पॉलिसी होती आणि ती घ्यायला मीच लावली होती, म्हणून आजही थोडं लागते मनाला. पाणी पलंगाच्या वर गेलं. सर्वेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो, आला, चांगला माणूस होता, फ्रीज लिहिला, पलंग, गाद्या, कपाट, मिक्सर सगळं लिहिलं. साधी पायाची शिलाई मशीन होती जुनी, तीही घरगुती म्हणून लिहिली. ओव्हरलॉक मशीन पाहिली आणि पेन थांबला. म्हणे हे तर धंद्याचं आहे. आणि मग कपाटाच्या खालच्या दोन खणांमध्ये गिऱ्हाइकांच्या चाळीसेक साड्या होत्या, त्यातल्या एका लाल पैठणीचा रंग सुटून शेजारच्या सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या साड्यांवर गेलेला. कोणाची कोणती साडी ते ज्या वहीत लिहिलेलं होतं तिची शाई पसरून निळं पाणी झालेलं. त्या साड्यांचा एक रुपया मिळाला नाही, कारण एक तर धंद्याचा माल, आणि दुसरं म्हणजे तिचा स्वतःचा पण नाही, दुसऱ्यांचा सांभाळायला ठेवलेला माल, आणि असा माल पॉलिसीत वेगळ्या शब्दात लिहून घ्यावा लागतो नाहीतर तो नसल्यासारखाच. सहा महिने ती साड्यांचे पैसे फेडत होती. कंपनीनी फसवलं असं मी म्हणणार नाही, आम्हीच चुकीची पॉलिसी घेऊन बसलो होतो.

(तुमच्याकडे कोणी स्वतःची मिरची किंवा गहू दळायला, कांडायला आणून टाकते का? टाकत असेल तर वरचं वाक्य परत वाचा. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीचं तिखट तुमच्या पडवीत पडून असते असा माझा अंदाज आहे.)

मग दीर म्हणतात ते बरोबर का? जवळपास. दुकानवाली पॉलिसी म्हणजे शॉपकीपर पॅकेज, त्यात आग, घरफोडी, गल्ल्यातले पैसे, मशीन, जबाबदारी असे वेगवेगळे भाग एकत्र बांधलेले असतात, कंपनीप्रमाणे कमीजास्त. वाईट नाही. पण काही कंपन्या ती राहत्या घरातल्या धंद्याला देताना नाक मुरडतात, आणि काही एजंट देऊन टाकतात पण फॉर्मवर "दुकान" लिहितात, जे तुमचं नाहीच, मग क्लेमच्या वेळी सर्वेअर येऊन म्हणतो दुकान कुठं आहे. म्हणून मी तुम्हाला म्हणेन की पाया भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या पॉलिसीचा ठेवा. गृह रक्षेसोबतच आलेली ही पॉलिसी, एका जागेवर सगळं मिळून ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या उद्योगांसाठी. ५ कोटी ऐकून घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे, ५ लाखांच्या मालालाही हीच. यात मशीन, फर्निचर, कच्चा माल, तयार माल सगळं घालता येते, पुरापासून आगीपर्यंत धोके वर सांगितले तसेच. इमारत घालायची गरज नाही तुम्हाला, इमारत सासऱ्यांची आहे, तिच्यासाठी सासऱ्यांच्या नावानं गृह रक्षा वेगळी घ्या. म्हणजे एजंट अर्धा बरोबर, दीर अर्धे बरोबर, आणि पॉलिस्या दोन.

पण एक गोष्ट करा. सासऱ्यांची घराची पॉलिसी घेताना खालच्या मजल्यावर मसाल्याचा धंदा चालतो हे लपवू नका, लेखी कळवा आणि कंपनीचं उत्तर ईमेलवर मागा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेलं "ओके जी" चालत नाही. थोडा प्रीमियम वाढेल किंवा एखादी कंपनी नाही म्हणेल, मग दुसरीकडे जाऊ. लपवून घेतलेली पॉलिसी ही आग लागेपर्यंतच पॉलिसी असते.

आता रकमेचं, इथं बहुतेक लोक घसरतात. तुम्ही म्हणाल माझ्याकडे माल असतो दीड-दोन लाखांचा. दिवाळीनंतर असेल. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्यातून मिरची भरली, भिवापुरी घेतली, वर्षभराची हळद, धणे, खोबरं, दगडफूल, खसखस, आणि एप्रिलमध्ये कुरडयांसाठी गहू, तेव्हा घरात किती रुपयांचा माल आहे ते एकदा कागदावर मांडा. पॉलिसी वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या महिन्याच्या हिशोबानं घ्यायची असते, रिकाम्या महिन्याच्या नाही. समजा त्या दिवशी माल ६ लाखांचा आहे आणि तुम्ही प्रीमियम वाचवायला विमा ३ लाखांचाच घेतला, आणि आगीत २ लाखांचा माल गेला. तुम्हाला वाटते ३ लाखांच्या आतच आहे, २ लाख मिळतील. नाही. कंपनी म्हणेल अर्ध्या मालाचाच विमा होता, म्हणून नुकसानीचंही अर्धंच, १ लाख. याला अंडरइन्शुरन्स म्हणतात. सूक्ष्म उद्यममध्ये इतकी सवलत आहे की रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कापाकापी करत नाहीत, म्हणजे ६ लाखांच्या मालाला सव्वापाच लाखांचा विमा असेल तर चालून जाते. ३ लाखांचा नाही चालत. आणि माल धरायचा तो तुम्हाला पडलेल्या किमतीनं, विकायच्या भावानं नाही, तुमचा नफा त्यात येत नाही. मशीन मात्र आज नवी घ्यायला किती लागतील त्या भावानं.

हा आकडा सिद्ध कसा करणार, हाच खरा प्रश्न. कळमन्यात तुम्ही अडत्याकडून मिरची घेता, तो एका चिटोऱ्यावर पोती, किलो, भाव लिहून देतो, खाली आकडा गोल करतो, ना नाव ना तारीख, आणि तुम्ही ते चिटोरं पर्समध्ये टाकता आणि महिन्याभरात ते हळदीनं पिवळं होऊन फाटते. असे चिटोरे मी टेबलावर पाहिलेले आहेत, एकदा एका माणसानी प्रेशर कुकरच्या वॉरंटी कार्डामागे लिहिलेला हिशोब आणून दिला होता आणि बिचाऱ्याचा हिशोब बरोबर होता, फक्त तो कोणाला मान्य करता येत नव्हता. पक्कं बिल घ्या. अडत्या कुरकुर करेल, करू द्या. पैसे शक्यतो यूपीआयनं किंवा चेकनं द्या म्हणजे बँकेत नोंद राहते. आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईल घेऊन पडवीत एक चक्कर मारा, चालत चालत व्हिडिओ काढा, पोती मोजत, मशीनवरचा नंबर दाखवत, आणि तो व्हिडिओ बहिणीला किंवा स्वतःलाच ईमेल करून ठेवा, मोबाईलमध्येच ठेवू नका कारण मोबाईलही त्याच घरात असतो. पाच मिनिटांचं काम आहे. वही ठेवत असाल तर तिचेही फोटो, वर मेहुणीच्या वहीचं काय झालं ते सांगितलंच.

पॉलिसी घ्यायच्या आधी अजून एक काम, आणि हे खरं तर सगळ्यात पहिले करा. बँकेचं पासबुक काढा आणि लोन झाल्यानंतरच्या महिन्यात इन्शुरन्स किंवा तसल्या नावानं काही रक्कम कापली गेली का ते पहा. तुमच्या लोनमधून घेतलेला माल आणि मशीन बँकेकडे तारण असते, म्हणून बऱ्याच बँका आपणहून पॉलिसी काढून टाकतात आणि गिऱ्हाइकाला सांगतही नाहीत. असली तर कॉपी मागून घ्या. त्यात तीन गोष्टी पहा. पत्ता तुमच्या पडवीचाच आहे का, की आधार कार्डावरचा माहेरचा छापलाय. मालाचं वर्णन काय आहे, मी एकदा पापडवाल्या बाईच्या पॉलिसीत "किराणा दुकान" वाचलंय. आणि रक्कम किती आहे, कारण बँक आपल्या लोनपुरताच विचार करते, ३ लाखांचं लोन तर ३ लाखांची पॉलिसी, आणि वरचा अंडरइन्शुरन्सचा घोळ तिथूनच सुरू. अशी पॉलिसी असेल तर दुसरी घेऊन उपयोग नाही, एकाच मालाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, तीच दुरुस्त करून रक्कम वाढवून घ्या. आणि लक्षात ठेवा, बँकेचं नाव पॉलिसीवर असलं की क्लेमच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा.

आता तुमच्या शेगडीकडे येतो. सावजी मसाला भाजल्याशिवाय होत नाही, तासन् तास कढई चालते. सिलेंडर कोणतं? लाल असेल, म्हणजे १४.२ किलोचं घरगुती, तर ताई ते धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. धंद्याला निळं, १९ किलोचं. महाग पडते, माहीत आहे मला. पण दोन गोष्टी अडकतात. घरगुती गॅसच्या नोंदणीकृत ग्राहकाला तेल कंपन्यांचा एक अपघात विमा असतोच, गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूला माणशी ६ लाख आणि घराच्या नुकसानीला एका घटनेत २ लाखांपर्यंत, वेगळा प्रीमियम न भरता. तो विमा घरगुती ग्राहकाचा आहे, भाजणीच्या भट्टीचा नाही. आणि दुसरं म्हणजे आग लागल्यावर सर्वेअर फोटो काढणार, फोटोत काळी पडलेली मोठी कढई आणि तिच्याखाली लाल सिलेंडर, मग त्याच्या रिपोर्टमध्ये ते आलंच म्हणून समजा. निळं घ्या.

वायरिंगचंही ऐका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरात दोन कूलर, वर एसी, खाली कांडप मशीन आणि डीप फ्रीज, सगळं एका जुन्या बोर्डावर. मशीनची मोटर लोडमुळे स्वतःच जळाली तर त्या मोटरचे पैसे आगीच्या पॉलिसीत मिळत नाहीत, पण तिच्यातून उडालेल्या ठिणगीनं बाजूचं पोतं पेटलं, खोली पेटली, तर ते मिळते. मोटरसाठी मशिनरी ब्रेकडाउन म्हणून वेगळा विमा येतो, तुमच्या एका मशीनसाठी मी घेणार नाही, त्याच पैशात इलेक्ट्रिशियन बोलवा आणि मशीनला वेगळी लाईन टाकून घ्या. लाईट जाऊन फ्रीजमधला माल खराब झाला तेही आगीच्या पॉलिसीत येत नाही, पावसाळ्यात तिखटाला जाळी लागली तेही नाही. हे कोणाला विचारायलाही जाऊ नका.

चोरीचं थोडक्यात. सूक्ष्म उद्यममध्ये साधी चोरी नसते, फक्त आग-पूर वगैरे झाल्यावर सात दिवसात त्या गोंधळात झालेली चोरी असते. घरफोडीचा भाग वेगळा जोडावा लागतो, आणि तोसुद्धा बहुतेक कुलूप तोडून, खिडकी उचकटून आत आला तरच. कोणी गिऱ्हाईक म्हणून येऊन दोन पाकिटं पिशवीत टाकून गेलं तर गेलं. मिरचीची पोती चोरायला कोणी ट्रक घेऊन मानेवाड्याला येईल असं मला वाटत नाही, पण मशीन आणि सणाच्या दिवसातली रोकड यासाठी छोटी रक्कम घेऊन टाका.

यापेक्षा मला तुमची काळजी दुसरीकडे वाटते. तुमचा माल लोक खातात. समजा एखाद्या लग्नाच्या आचाऱ्यानी तुमच्याकडून दहा किलो मसाला नेला, जेवणानंतर पन्नास लोकांना उलट्या झाल्या, आणि बोट तुमच्याकडे आलं. मसाल्यानं झालं की खव्यानं की पाण्यानं, हे ठरायला वेळ लागतो, तोपर्यंत वकील लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरणच आहे, बनवणारा आणि विकणारा दोघंही त्यात येतात, आणि तुम्ही दोन्ही आहात. आगीत गेलेला माल परत भरता येतो. असा एखादा दावा लागला तर तो तुमच्या मालापुरता राहत नाही, तुम्ही प्रोप्रायटर आहात, धंदा आणि तुम्ही कायद्यानं एकच, म्हणजे तुमची बचत, तुमचे दागिने सगळं आलं. यासाठी प्रॉडक्ट लायबिलिटी नावाचा विमा असतो. पब्लिक लायबिलिटी वेगळं आणि हे वेगळं बरं का, गिऱ्हाईक तुमच्या ओट्यावर घसरून पडलं ते पब्लिक, तुमचा मसाला खाऊन आजारी पडलं ते प्रॉडक्ट, आणि एजंट पहिलं दाखवून दुसरं आहे असं म्हणून जातो. स्पष्ट विचारा. वकिलाचा खर्च त्यात धरला आहे का हेही विचारा. परत बोलावलेल्या पाकिटांचा खर्च सहसा नसतो. आणि ही पॉलिसी मधेच तुटू देऊ नका, कारण इथं साधारण दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, मसाला केला त्या दिवशी होती हे पुरत नाही. अमेरिकेतल्या नणंदेला आणि तिच्या मैत्रिणींना पार्सल पाठवत असाल, पैसे घेऊन, तर भारताबाहेरचा दावा यात येतो का हेही विचारून घ्या, बहुतेक नाही येत.

एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी नोंदणीचा, नंबर तुमच्याकडे असेलच, पाकिटावर छापलेला. नसेल तर आधी तो, मग विमा. बिना नंबराच्या मसाल्याच्या दाव्यात विमा कंपनी मागं हटायला कारणच शोधत असते आणि तुम्ही ते हातात आणून दिलं असं होईल. उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून टाका, सरकारी पोर्टलवर आधारनं होते, फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

डिलिव्हरी कोण करते? मिस्टर ॲक्टिव्हावर समोर दोन खोकी ठेवून धरमपेठ, सदरला टाकून येत असतील. गाडीचा विमा काढून बघा, त्यात वापराची अट छापलेली असते, माल वाहून नेणं चालत नाही, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून. चार पाकिटं डिक्कीत असली तर कोणी बघत नाही, खरं सांगतो, पण रोजची तीस किलोची फेरी वेगळी गोष्ट आहे. मोठा माल ऑटोनं किंवा कुरिअरनं पाठवा. बाहेरगावी महागाचं पार्सल जात असेल तर कुरिअरवाल्याची स्वतःची जबाबदारी किती रुपयांची ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात असते, वाचा, हसू येईल.

आता त्या तीन बायका. कांडप मशीनमध्ये हात गेला तर काय, हा विचार करून बघा एकदा. कमीत कमी इतकं करा की तिघींचं बँक खातं पाहून प्रधानमंत्री सुरक्षा बीमा चालू करून द्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, १८ ते ७० वय. ६० रुपये तुम्हीच भरा. ५० च्या आत असतील तर जीवन ज्योतीही आहे, वर्षाला ४३६ रुपये, कशानंही मृत्यू झाला तरी घरच्यांना २ लाख. पण एक बोट गेलं, पंधरा दिवस दवाखाना, महिनाभर काम बंद, यात या योजना कामाच्या नाहीत. त्यासाठी कामगार भरपाईचा विमा असतो, पगाराच्या हिशोबानं प्रीमियम, तीन बायकांचा फार होत नाही, भाव काढून बघा. आणि मशीनच्या तोंडाला जाळी लावली आहे ना? नसेल तर आजच.

मिस्टरांचं राहिलं. इतक्या वर्षात काही झालं नाही हे खरंच आहे, माझ्या मेहुणीच्या पलंगावरही २३ सप्टेंबरच्या आधी कधी पाणी आलं नव्हतं. त्यांना प्रीमियम विचारू नका, त्यांना हे विचारा की मार्चमध्ये पडवी जळाली तर पुढच्या महिन्याचा मुद्राचा हप्ता कुठून भरायचा. त्यांच्याकडे उत्तर असेल, एफडी असेल, तर मग ते म्हणतात त्यातही दम आहे, विमा कमी घ्या. उत्तर नसेल तर वाद संपला. पैसे कमीच असतील तर माझा क्रम असा: आधी माल-मशीनची सूक्ष्म उद्यम पूर्ण रकमेची, मग प्रॉडक्ट लायबिलिटी छोट्या रकमेची का होईना, मग घराची इमारत, मग बायकांचं, घरफोडी उरलेल्या पैशात. इमारत तिसऱ्या नंबरवर का असं विचाराल, तर सिमेंटचं घर आगीत सहसा उभं राहते, मिरची राहत नाही.

आणि हो, "आता विम्यावर जीएसटी नाही" असं कोणी सांगितलं तर ते २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यापुरतं आहे. तुमच्या या पॉलिस्यांवर १८ टक्के लागणारच, एजंटनी दिलेला आकडा जीएसटी धरून आहे की सोडून ते विचारून घ्या म्हणजे शेवटी तोंड वाकडं व्हायला नको.

फॉर्म स्वतः वाचून भरा. "कोऱ्या फॉर्मवर सही करा ताई, मी भरून घेतो" म्हटलं तर चहा पाजा आणि परत पाठवा. व्यवसाय म्हणून "राहत्या घराच्या तळमजल्यावर मसाला कांडप, भाजणी, पॅकिंग आणि वाळवणाचे पदार्थ" असं पूर्ण लिहा, नुसतं "खाद्यपदार्थ" नको. गॅसवर भाजणी होते हे लिहा. विमाधारक म्हणून तुमचं किंवा तुमच्या फर्मचं नाव, ज्या नावानं बिलं आणि उद्यम आहे तेच, सासऱ्यांचं नाही. गिऱ्हाइकांचा माल तुमच्याकडे राहतो हे लिहा आणि त्याची वेगळी रक्कम मागा.

उद्या काही झालंच तर साफसफाईची घाई करू नका. आपल्या बायकांना घर घाण दिसलं की चैन पडत नाही, माझ्या मेहुणीनी सर्वेअर यायच्या आधी अर्ध्या भिजलेल्या साड्या धुवून वाळत टाकल्या होत्या. फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर घ्या, आग असेल तर अग्निशमनचा दाखला, भिजलेली पोती एका बाजूला ठेवा पण फेकू नका. क्लेम नाकारला किंवा उगाच लटकवला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, तिथं महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, फी नाही, वकीलही लागत नाही, आणि तुमच्यासारख्या प्रोप्रायटर आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी तिथं घेतात. आयआरडीएआयचा १५५२५५ हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

मिरचीची गाडी ज्या दिवशी दारात लागेल त्याच्या निदान आठ दिवस आधी प्रीमियम भरलेला असू द्या, कारण पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय कायद्यानं जोखीम सुरूच होत नाही, एजंटच्या खिशात पोचले म्हणजे पोचले असं नाही. पावती आणि पॉलिसीची कॉपी आली की पहिल्या पानावरचा पत्ता आणि मालाचं वर्णन तेवढं मला फोटो काढून पाठवा, मी पाहून देतो.